जरा चीट करा

मी होळीचा. सणाचा नव्हे, वसईच्या होळी गावाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आयुष्यभर फोनवर "होळीवरून सुभाष बोलतोय" म्हटलं की पलीकडचा माणूस आधी हसून घ्यायचा आणि मग कामाचं बोलायचा. घरची वाडी होती, केळी होती, भाजीपाला होता. ते सगळं भावाच्या गळ्यात घालून मी लोकांची घरं सिनेमावाल्यांना भाड्याने मिळवून द्यायचा धंदा केला. त्याला लोकेशन मॅनेजर म्हणतात. आई मात्र शेवटपर्यंत "आमचा सुभाष घरं दाखवतो" असंच सांगत राहिली. त्यामुळे निम्म्या नातेवाइकांना मी इस्टेट एजंट वाटतो आणि त्यातल्या बहुतेकांनी मला नालासोपाऱ्यात स्वस्तात वन बीएचके आहे का म्हणून विचारलेलं आहे.

काम बाहेरून दिसतं तितकं ऐटीचं नाही. दिग्दर्शक म्हणतो, "मला असं घर पाहिजे की बघताक्षणी वाटावं, इथे कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय." आता असं घर कुठल्या गल्लीत असतं? मी स्कूटर काढायची, अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत हिंडायचं, फोटो काढायचे. मग मालकाच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि त्याला पटवायचं. मालकांचे प्रश्न ठरलेले. हिरो कोण आहे? भिंतीला खिळे मारणार का? आणि आमचा संडास वापरणार का? या तिसऱ्या प्रश्नावर माझी कितीतरी चांगली लोकेशनं गेली. एवढं जमलं की पोलीस ठाण्यात पत्र, पालिकेची परवानगी, शेजाऱ्यांची समजूत, जनरेटर कुठे उभा करायचा, जेवणाच्या पंगती कुठे बसवायच्या. आणि शेवटी पडद्यावर माझं नाव इतक्या भर्रकन जातं की आमच्या हिने ते अजून एकदाही वाचलेलं नाही.

जूचंद्रला एकदा फार सुरेख घर मिळालं होतं. ओल धरलेली भिंत, निळ्या रंगाचे पोपडे सुटलेले. फोटो बघूनच दिग्दर्शक खूश. शूटिंगच्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर घर गुलाबी. मालक दारात उभे, हातातला ब्रश अजून ओला. "भाऊ, घरात सिनेमावाले येणार म्हटल्यावर तसंच ठेवू होय?" वर दारासमोर सुनेने भलीमोठी रांगोळी घातलेली, आणि जूचंद्रची रांगोळी म्हणजे विचारायलाच नको. तिच्यावर पाय द्यायची कुणाची छाती होईना. दिवसभर सगळं युनिट मागच्या दाराने ये-जा करत होतं आणि पुढच्या खोलीत आर्ट डिपार्टमेंटची माणसं गुलाबी भिंतीवर ओल रंगवत बसली होती. मालक ते बघून इतके दुखावले की त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही.

आमच्या धंद्यातला एक शब्द मात्र तुम्हाला समजावून सांगायला हवा. चीट. खुर्ची आहे तिथे कॅमेऱ्यातून बरी दिसत नसेल, तर कॅमेरामन म्हणतो, "खुर्ची जरा चीट करा." म्हणजे वीतभर सरकवा, बघणाऱ्याला पत्ता लागणार नाही. यात फसवणूक नाही, नुसती सोय आहे. पण बाहेरच्या माणसाला हे काय ठाऊक? भुईगावात एका घरी कॅमेऱ्यामागून कुणीतरी म्हणालं, "आंटी, वो जीजस का फोटो थोडा चीट करो." झालं. घरची बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "येशूला चीट करायचं? माझ्या घरात?" तिची समजूत घालता घालता आमचं ऊन निघून गेलं. ती बाई म्हणजे मॅगीमावशी. तिच्यासाठीच हा लेख लिहायला बसलोय, बाकी सगळी प्रस्तावना.

तर तो सिनेमा ठगांचा होता. चार भामटे आयकर अधिकारी बनतात, एका गब्बर माणसाच्या बंगल्यावर भरदिवसा धाड घालतात, त्याच्याच हाताने सगळा ऐवज काढून घेतात आणि वर त्याचा चहा पिऊन चालते होतात. दिग्दर्शक तिशीतली मुलगी, ईशा. फार हुशार आणि तितकीच हट्टी. ती सारखी म्हणायची, "सुभाषभाऊ, खरा ठग काही चोरत नाही. तो समोरच्याला स्वतःहून द्यायला लावतो." ठगांच्या म्होरक्याचं काम कदम नावाच्या नाटकातल्या नटाकडे होतं. एरवी साधा, पानाला चुना जास्त झाला तरी न बोलणारा माणूस. पण सफारी चढवून चष्मा नाकावर उतरवला की मलासुद्धा आपली कागदपत्रं जागेवर आहेत ना, असं वाटायला लागायचं.

बंगला मी भुईगावात मिळवला होता, जॉन लोपीस यांचा. आता आमच्याकडची गंमत ऐका. आडनावं मोजकी, संतांची नावं मोजकी, तेव्हा एकेका आळीत एकाच नावाची दोन-दोन माणसं असणारच. म्हणून आम्ही आडनावाने कुणाला ओळखतच नाही. एक वडाकडचा जॉन, आखातात नोकरी करून आलेला. बंगला त्याचा. दुसरा बावखलावरचा जॉन. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं आमचं गावतळं. त्याच्या काठच्या कौलारू घरात बायकोच्या मागे एकटा राहणारा म्हातारा, आमचे जॉनकाका. मी सगळीकडे "वडाकडचा जॉन लोपीस" असं बजावून सांगितलं होतं. सिनेमा कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात कुणीतरी पत्ता टाइप करताना "वडाकडचा" हा शब्द फालतू समजून गाळून टाकला.

ईशाला धाडीचा प्रसंग एका दमात घ्यायचा होता. कॅमेरे बंगल्यात लपवलेले. समोर बंगल्याचा मालक म्हणून कोण बसणार, तेही नटांना सांगितलेलं नव्हतं. त्यांना एकच ताकीद. "काही झालं तरी थांबायचं नाही. समोरचा काहीही बोलो, मी कट म्हणेपर्यंत तुम्ही अधिकारी." गाड्या लांब उभ्या केल्या होत्या. निरोप गेला, गाड्या सुटल्या, आम्ही बंगल्यात श्वास रोखून उभे. गाड्या काही येईनात. ईशा माझ्याकडे बघतेय, मी दाराकडे. शेवटी मी स्कूटर काढली. नाक्यावर केळीवाली बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "ते सायब लोक? त्यांनी जॉन लोपीस विचारला, मी बावखलावर पाठवले. बिचाऱ्या जॉनने काय केला रे?"

मी पोचलो तेव्हा आमचे चारही अधिकारी ओट्यावरच्या बाकावर ओळीने बसले होते, वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारखे. जॉनकाका आत चहा टाकत होते. कदमांच्या मांडीवर लाल लुगडं पसरलेलं, आमच्याकडच्या जुन्या ख्रिस्ती बायका नेसतात तसं, आणि त्या लुगड्यात एक घंटा.

ती घंटा मी ओळखली. आळीत कुणीही ओळखली असती. जॉनकाकांच्या घरासमोर रस्त्यापलीकडे छोटं चॅपेल आहे, तिथली ती. संध्याकाळच्या रोजरीला, म्हणजे मणी ओढत म्हणायच्या प्रार्थनेला, वाजायची. आवाज थोडा बसका, कारण तिला एक बारीक चीर आहे. काही वर्षांपूर्वी एका दुपारी सगळी आळी लग्नाला गेलेली असताना ती नाहीशी झाली. तेव्हा मॅगीमावशीचा मुलगा विल्सन भंगाराचा टेम्पो चालवायचा, थोडी घ्यायचाही. आणखी पुरावा कुणाला हवा होता? तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण तो दिसला की बोलणं बंद व्हायचं. चार-सहा महिने त्याने ते सोसलं आणि एक दिवस नालासोपाऱ्याला निघून गेला. तिथे रिक्षा चालवतो. दारू सुटली, लग्न झालं, पण आळीत पाऊल नाही. सणालाही नाही. भेटायचं तर मावशीने तिकडे जायचं. आळीने नवी घंटा आणायचं कितीदा काढलं, पण मावशी आडवी यायची. "नवी आनली म्हंजे जुनी माझ्या पोरानं इकली हे पक्कं झालं. जुनी सापडेल." मग ती रोज संध्याकाळी स्टीलच्या ताटलीवर पळी वाजवून लोकांना रोजरीला बोलवायची. भुईगावात घरं बघत हिंडताना ती ताटली मी कितीतरी वेळा ऐकली होती आणि मला ते विनोदी वाटायचं.

कदमांनी मला घराच्या बाजूला नेलं. माणूस घामाघूम झाला होता. "सुभाषभाऊ, मला वाटलं हाच तो मालक. काय सहज काम करतोय, म्हटलं. मी माझं वाक्य टाकलं, आम्हाला सगळं माहीत आहे, आपणहून दिलंत तर बरं. तर हे उठले, म्हणाले, मला ठाऊक होतं कोनीतरी येनार. आत गेले आणि हे घेऊन आले. मी कॅमेरा शोधतोय आणि हे बोलतायत. यांना रडू फुटलं तेव्हा कळलं की कॅमेरा नाहीच."

जॉनकाकांनी त्यांना सांगितलं होतं ते असं. बायको, सिसिलिया, शेवटच्या दुखण्यात होती. वेदनेने झोप लागायची नाही. जरा डोळा लागतोय तोवर समोर घंटा वाजायची आणि ती दचकून जागी व्हायची. घंटा बंद ठेवा असं आळीला सांगायची काकांना लाज वाटली, कारण कितीतरी वर्षं ती घंटा वाजवत होती सिसिलियाच. म्हणून त्यांनी ती काढून आणली आणि तिच्याच लुगड्यात बांधून तिच्याच खाटेखाली ठेवली. ती बरी झाली की परत टांगू, असा हिशोब. ती गेली. तोवर चोरीत विल्सनचं नाव आलं होतं आणि मग तोंड उघडायची हिंमत राहिली नाही.

काका चहा घेऊन बाहेर आले. "चहा घेतला की चौकीवर निघू," ते कदमांना म्हणाले. "पन आधी मॅगीच्या घरी थांबू. तिला सांगा, तिच्या पोरानं नाय घेतली."

आता हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. लोकेशनचा प्रश्न, म्हणजे माझाच. मी म्हटलं, "जॉनकाका, हे खरे साहेब नाहीत. हे नट आहेत. शूटिंग चाललंय वडाकडच्या जॉनकडे. चुकून इकडे आले." काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग एकेक करून चौघांकडे. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. हातातला चहा ओट्यावर ठेवून ते फार दमलेल्या आवाजात म्हणाले, "म्हंजे परत सांगावं लागनार?"

मी धंद्यात बरंच काही ऐकलंय, पण असलं वाक्य नाही. म्हातारा एवढी वर्षं ज्याची वाट बघत होता ते एकदाचं झालं होतं, आणि आम्ही येऊन त्याला सांगत होतो की हे धरायचं नाही, रिटेक होणार.

दुपारी वडाकडच्या बंगल्यात धाड पुन्हा घेतली. सिनेमा आला तेव्हा तो प्रसंग लोकांनी डोक्यावर घेतला. कदम अजून म्हणतात, पहिल्या खेपेसारखा नाही झाला.

पण माझं डोकं घंटेतच अडकलं होतं, आणि जेवताना मला युक्ती सुचली. मला ती फार हुशारीची वाटली, हे आधीच सांगतो. सिनेमात पुढे एक प्रसंग होता, त्याच संध्याकाळी घ्यायचा: पळताना ते चार ठग संध्याकाळच्या रोजरीत जाऊन लोकांत बसतात. फादरांची परवानगी मी काढलेली होती, आळीतलीच माणसं बसणार होती, आणि चॅपेलमध्ये टांगायला आर्ट डिपार्टमेंटने फायबरची घंटा आणली होती. वाजवली की टप असा आवाज यायचा. मी म्हटलं, फायबरची काढू, खरी टांगू. शॉट झाला की पॅकअपच्या गडबडीत तिथेच राहू देऊ. विसरलो म्हणू. आळीला घंटा मिळेल, काकांचं नाव येणार नाही. ईशाचे डोळे चमकले. "म्हणजे उलटी चोरी." कदम म्हणाले, "चोरी कसली, जरा चीट करायचं." काकांना विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. सुटल्यासारखे दिसले मला. मला तरी तसं वाटलं.

संध्याकाळी चॅपेल भरलं. आळीच्या बायका ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. कोण दिसेल, कोण नाही यावरून थोडी धुसफूस झाली. जॉनकाका अगदी मागच्या बाकावर. चार ठग मध्ये. घंटा वाजवायला ईशाने मॅगीमावशीलाच उभं केलं. मी तसं सुचवलं नव्हतं, पण अडवलंही नाही. मनात म्हटलं, मावशीला बरं वाटेल.

ईशा "ॲक्शन" म्हणाली. मावशीने दोरी ओढली.

तो बसका आवाज आला आणि चॅपेलमध्ये कुणी हललं नाही. मावशीच्या हातात दोरी तशीच राहिली. मग तिने स्टूल ओढलं, वर चढली, घंटेच्या आत हात घालून कडेवरून बोट फिरवलं. चिरेपाशी बोट थांबलं. वरूनच तिने मला हाक मारली.

"सुभाष, ही कुठली?"

"आर्ट डिपार्टमेंटची, मावशी. भाड्याने आणलेली."

"भाड्यानं कुठून?"

मी म्हटलं, "अशा वस्तू मिळतात मुंबईत. जुन्या बाजारात."

तोंडातून शब्द गेला आणि मला कळलं मी काय केलं ते. जुना बाजार म्हणजे भंगार. भंगार म्हणजे विल्सन. मागून कुणीतरी हळूच म्हणालंसुद्धा, "म्हंजे इकलीच होती." मावशी स्टुलावरून उतरली. ज्या एका आशेवर ती एवढी वर्षं ताटली बडवत होती, ती मी माझ्या हुशारीने एका वाक्यात मोडली होती. तिने आजूबाजूला बघितलं, आणि कुणीही तिच्या नजरेला नजर देईना. मला वाटलं, बोलावं. पण गोष्ट माझी नव्हती, आणि ज्याची होती तो म्हातारा मागे मान खाली घालून बसलेला.

तेवढ्यात बाक सरकल्याचा आवाज झाला. जॉनकाका उठले होते. ते पुढे आले, मावशीकडे नाही, कदमांच्या बाकाकडे.

"सायब," ते म्हणाले, "सकाळी इचारलंत ना, तसंच परत इचारा. मला आपला आपन नाय सांगता येत."

कदमांनी ईशाकडे बघितलं. ईशाने कॅमेऱ्यावर हात ठेवला, बंद करायची खूण केली. त्या मुलीबद्दल मला कायमचा आदर वाटतो तो त्या एका खुणेसाठी. असा शॉट कोण सोडतं? कदम उभे राहिले. सफारीचं बटण लावलं, चष्मा नाकावर उतरवला. समोर सगळी आळी, कॅमेरा बंद, आणि हा नट आपलं खोटं वाक्य म्हणाला.

"आम्हाला सगळं माहीत आहे. आपणहून दिलंत तर बरं."

"ती मी काढली," जॉनकाका म्हणाले. "लग्नाच्या दुपारी. विल्सनने नाय. सिसिलियाला झोप लागावी म्हनून काढली, आनि मंग मला सांगता आलं नाय. विल्सनचा काय संबंध नाय. मी बघत बसलो."

एवढंच. सकाळी ओट्यावर बराच वेळ बोललेला माणूस इथे एवढंच बोलला आणि उभा राहिला. मावशी पुढे आली. मला वाटलं ती त्यांच्या अंगावर जाणार, आणि गेली असती तर मी अडवलं नसतं.

"सिसिलियाला ठाऊक होता?" तिने विचारलं.

"नाय. ती रोज सांजेला इचारायची, आज घंटा का नाय वाजली. मी सांगायचो, चोरीला गेली. ती म्हनायची, घंटा नाय तर मला सांज झाली तेच कळत नाय."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग बाकावर बसली. आजही ती जॉनकाकांशी मोजकंच बोलते, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. त्या संध्याकाळी तर ती त्यांना काहीच बोलली नाही. तिने कमरेचा फोन काढून माझ्या हातात दिला, तिला नीट दिसत नव्हतं. "विल्सनला लाव."

मी लावला, स्पीकर चालू केला आणि तिच्या हातात परत दिला. पलीकडून रिक्षाचा, रस्त्याचा आवाज आला, मग विल्सनचा. "हां मम्मी, बोल." मावशी उठली, एका हाताने फोन घंटेखाली धरला आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढली. एकदा, मग पुन्हा एकदा. मग फोन कानाजवळ धरून ऐकत उभी राहिली. आम्ही सगळेच ऐकत होतो. पलीकडे रिक्षाचं इंजिन बंद झालं.

"मम्मी," विल्सन म्हणाला, "ही तर आपलीच. कोन वाजवतंय?"

"मी," मावशी म्हणाली. "घरी ये. जेवायला थांबते."